हिटलर सत्तेत येऊन दोनच दिवस झाले होते, अन् या पाद्र्यानं रेडिओवरून धोक्याची घंटा वाजवली

तारीख १ फेब्रुवारी १९३३. ठिकाण बर्लिन.

हिटलर जर्मनीचा चान्सलर होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. रस्त्यावर मशाली घेऊन मिरवणुका निघून गेल्या होत्या. अशात रेडिओवर एका तरुण पाद्र्याचं भाषण लागलं. विषय होता, तरुण पिढीला नेता कसा हवा असतो.

त्याचं म्हणणं साधं होतं. नेत्याला मर्यादा असतात. ज्या नेत्याची लोक पूजा करू लागतात आणि जो ती पूजा करू देतो, तो लोकांना वाट दाखवत नाही, भरकटवतो.

भाषण पूर्ण व्हायच्या आतच प्रक्षेपण बंद झालं.

त्या पाद्र्याचं नाव डीट्रिख बॉनहॉफर. तीन दिवसांनी त्याचा सत्ताविसावा वाढदिवस होता. आणि बारा वर्षांनी याच सरकारनं त्याला फासावर चढवलं.

बॉनहॉफर म्हटलं की हिटलरला मारायचा कट आणि फाशी या दोनच गोष्टी सांगितल्या जातात. सिनेमे त्यावरच निघतात. पण त्याआधीची दहा वर्षं तो एका वेगळ्याच प्रश्नाशी भांडत होता. सरकार चुकीचा कायदा करत असेल तर चर्चनं काय करायचं? प्रार्थना करून गप्प बसायचं, की उठून बोलायचं? आणि बोलायचं तर कुणासाठी?

आज आपल्याकडंही धर्म आणि राजकारण म्हटलं की दोन गट पडतात. म्हणून हा माणूस नीट समजून घ्यायला हवा.

डॉक्टरांच्या घरातला पोरगा पाद्री झाला

डीट्रिखचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ चा, ब्रेस्लाऊ शहरातला. आज हे शहर पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्सवाफ म्हणतात. आठ भावंडं. डीट्रिख आणि सबीना ही जुळी.

वडील कार्ल बॉनहॉफर हे मोठे मानसोपचारतज्ज्ञ. १९१२ ला त्यांना बर्लिनमध्ये प्राध्यापकी मिळाली आणि सगळं कुटुंब तिकडं गेलं. घर शिकलेलं, खातंपितं, पण चर्चला नेमानं जाणारं नव्हतं. १९१८ मध्ये मोठा भाऊ वॉल्टर पहिल्या महायुद्धात गेला. त्या धक्क्यातून आई बराच काळ सावरली नाही.

अशा घरात डीट्रिखनं सांगितलं की मी धर्मशास्त्र शिकणार. वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यानं डॉक्टरेटही मिळवली. तिचा विषय होता, चर्च म्हणजे नेमकं काय? त्याचं उत्तर होतं की चर्च म्हणजे इमारत किंवा संस्था नव्हे, एकमेकांसाठी जगणारी माणसं. हे उत्तर पुढं आयुष्यभर त्याच्या मानेवर बसणार होतं.

१९३० मध्ये तो वर्षभरासाठी न्यूयॉर्कला शिकायला गेला. तिथं फ्रँक फिशर नावाच्या कृष्णवर्णीय मित्रानं त्याला हार्लेममधल्या ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये नेलं. बॉनहॉफर तिथं दर रविवारी जाऊ लागला, मुलांना शिकवू लागला. वर्णभेदाचा कायदा माणसाचं रोजचं जगणं कसं नासवतो, हे त्यानं तिथं जवळून पाहिलं. आणि अन्याय सोसणारी मंडळी प्रार्थनेसोबत हक्काचंही बोलते, हेही पाहिलं.

ल्यूथरन चर्च गप्प का होतं?

आता थोडा इतिहास. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर या जर्मन साधूनं रोमच्या चर्चला आव्हान दिलं आणि प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात झाली. त्याच्या मागून जाणारे ते ल्यूथरन. बॉनहॉफर याच परंपरेतला.

ल्यूथरचं एक शिकवण होती. देव जगाचा कारभार दोन प्रकारे चालवतो. चर्चच्या हाती शब्द, सरकारच्या हाती कायदा आणि तलवार. दोघांनी एकमेकांचं काम हिसकावून घेऊ नये.

ऐकायला ठीक वाटतं ना? पण पुढच्या चारशे वर्षांत जर्मनीत याचा सोयीचा अर्थ रूढ झाला. सरकार करेल ते करेल, आपण आपली उपासना सांभाळायची.

खरं तर खुद्द ल्यूथर गप्प बसणारा नव्हता. १५२४ मध्ये त्यानं जर्मन शहरांच्या नगरपरिषदांना जाहीर पत्र लिहून मुलामुलींसाठी शाळा काढा म्हणून सांगितलं होतं. ते सोयीस्करपणे विसरलं गेलं होतं.

तीन पायऱ्या

१ एप्रिल १९३३ ला नाझींनी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. दुकानांपुढं गणवेशातली पोरं उभी राहिली. बॉनहॉफरची आजी ज्युली तेव्हा नव्वदीच्या घरात होती. ती त्या पोरांच्या रांगेतून सरळ चालत बर्लिनच्या काडेवे या मोठ्या दुकानात गेली आणि खरेदी करून आली.

आठवडाभरात, ७ एप्रिलला, कायदा आला. ज्यू वंशाच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढायचं. हाच नियम चर्चमध्येही लावा, ज्यू वंशाचे पाद्री काढा, अशी मागणी ‘जर्मन ख्रिश्चन’ नावाचा नाझीधार्जिणा गट करू लागला.

बॉनहॉफरनं यावर एक निबंध लिहिला. त्यात त्यानं चर्चसाठी तीन पायऱ्या मांडल्या.

पहिली पायरी, सरकारला प्रश्न विचारायचा. तुम्ही करताय ते सरकारच्या कामात बसतं का? सरकारनं सुव्यवस्था राखायची असते. काही लोकांचे हक्कच काढून घेतले तर ती सुव्यवस्था उरत नाही.

दुसरी पायरी, सरकारच्या कारभारात जे भरडले गेले त्यांना मदत करायची. ते ख्रिस्ती असोत वा नसोत.

तिसरी पायरी सगळ्यात अवघड. चाकाखाली येणाऱ्यांना मलमपट्टी करून भागत नसेल, तर चाकच अडवायचं. म्हणजे थेट राजकीय कृती. ती कधी करायची हे मात्र एकट्यादुकट्यानं नाही, चर्चनं एकत्र बसून ठरवायचं.

हा निबंध वाचताना एक गोष्ट लपवता येत नाही. ज्यू धर्माबद्दल चर्चमध्ये शतकानुशतकं चालत आलेले पूर्वग्रह त्यातही आहेत. बॉनहॉफर आभाळातून पडलेला नव्हता.

आणि तो स्वतःच चुकला

त्याच एप्रिलमध्ये घरातच परीक्षा झाली.

जुळी बहीण सबीनाचा नवरा गेरहार्ड लाइबहोल्झ ज्यू वंशाचा होता. त्याचे वडील वारले. ते ज्यूच होते, बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. कुटुंबानं डीट्रिखला विचारलं, अंत्यविधीला तू दोन शब्द बोलशील का?

डीट्रिखनं वरिष्ठांना विचारलं. त्यांनी सल्ला दिला, सध्याच्या दिवसांत नको. त्यानं ऐकलं आणि नकार दिला.

सरकारला प्रश्न विचारा म्हणून सांगणारा माणूस घरच्या माणसाच्या शवपेटीजवळ उभा राहिला नाही. काही महिन्यांनी त्यानं बहिणीला आणि मेहुण्याला पत्र लिहून माफी मागितली. आपण इतके घाबरलो कसे, हे त्याला स्वतःलाच कळेना. पुढच्या अनेक निर्णयांमागं ही बोच असावी असं वाटत राहतं.

चर्चची निवडणूक, पत्रकं आणि गेस्टापो

जुलै १९३३ मध्ये जर्मनीत चर्चच्या निवडणुका झाल्या. हो, तिथं मंडळ्यांचे कारभारी मतदानानं निवडतात. एरवी याकडं कुणी फारसं बघत नसे. यावेळी मात्र मतदानाच्या आदल्या रात्री हिटलर स्वतः रेडिओवर बोलला आणि जर्मन ख्रिश्चन गटाला मत द्या म्हणाला.

बॉनहॉफर आणि त्याचे विद्यार्थी दुसऱ्या बाजूनं पत्रकं छापत होते. गेस्टापोनं छापा टाकून पत्रकं उचलून नेली. तो सहकाऱ्याला घेऊन थेट गेस्टापोच्या मुख्यालयात गेला आणि निवडणूक मोकळी होणार आहे की नाही, असा जाब विचारला.

निवडणूक अर्थातच हरले. जर्मन ख्रिश्चन गटाला सुमारे दोन तृतीयांश मतं पडली. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या चर्चनं ज्यू वंशाच्या पाद्र्यांना बाहेर ठेवणारा नियम मंजूर केला.

मग मार्टिन निमोलर, बॉनहॉफर आणि इतरांनी मिळून पाद्र्यांची एक संघटना उभी केली. नियमाविरुद्ध निवेदन काढलं, त्यावर जवळपास २ हजार पाद्र्यांच्या सह्या जमल्या. सप्टेंबरअखेर विटेनबर्गला, म्हणजे ल्यूथरच्याच गावात, चर्चचं राष्ट्रीय अधिवेशन भरलं. आत निवेदनाची दखल घेतली जाईना, तेव्हा बॉनहॉफर आणि त्याचा मित्र फ्रान्झ हिल्डेब्रांट यांनी ते गावातल्या झाडांवर आणि खांबांवर चिकटवलं. हिल्डेब्रांट स्वतः ज्यू आईचा मुलगा होता.

पण इथं एक मेख होती. ही सगळी लढाई होती चर्चमधल्या बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंसाठी. चर्चबाहेर नोकरी गमावलेल्या, मार खाणाऱ्या लाखो ज्यूंबद्दल निवेदनात काही नव्हतं. आपल्या घरात ढवळाढवळ करू नका, एवढंच चर्च सरकारला सांगत होतं. शेजारच्याच्या घराला आग लागली होती, त्याबद्दल बोलायला फार थोडे तयार होते.

लंडनच्या छोट्या मंडळ्यांनी काय केलं?

ऑक्टोबर १९३३ मध्ये बॉनहॉफर लंडनला गेला. तिथं राहणाऱ्या जर्मनांची दोन चर्च त्याच्याकडं आली, एक सिडनहॅमला आणि एक व्हाइटचॅपलला. व्यापारी, खाटीक, बेकरीवाले, शिंपी अशी कष्टाची माणसं.

बर्लिनहून चर्चचे अधिकारी आले आणि निष्ठेच्या कागदावर सह्या मागू लागले. बॉनहॉफर आणि काही सहकारी बैठकीतून उठून गेले.

तो एवढ्यावर थांबला नाही. जर्मनीत काय चाललंय ते मंडळीला समजावून सांगितलं. नोव्हेंबर १९३४ मध्ये ब्रिटनमधल्या जर्मन मंडळ्यांचे प्रतिनिधी लंडनमध्ये जमले आणि त्यांनी हिटलरच्या ताब्यातल्या चर्चपासून फारकत घेण्याचा ठराव केला. मत देणाऱ्यांत साधे सभासद होते. तो ठराव बर्लिनला पाठवला गेला. परदेशात आपलं नाव खराब होऊ नये याची हिटलरला तेव्हा फार काळजी होती, त्यामुळं या मूठभर माणसांच्या ठरावाला वजन होतं.

इथंच बॉनहॉफरला चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल भेटले. बॉनहॉफरनं आतली माहिती द्यायची आणि बेल यांनी ती जगापुढं मांडायची, अशी जोडी जमली.

वर्ध्याचं निमंत्रण

आता आपल्या मातीशी असलेला धागा.

बॉनहॉफरला भारतात यायचं होतं. युरोपातलं चर्च थकलंय, अन्यायाला अहिंसेनं कसं तोंड द्यायचं हे गांधींकडं जाऊन शिकावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. बिशप बेल यांनी गांधीजींना पत्र लिहिलं. नोव्हेंबर १९३४ मध्ये गांधीजींचं उत्तर गेलं. या, माझ्यासोबत राहा. मी तुरुंगात किंवा प्रवासात असलो तर आमच्या एखाद्या संस्थेत राहता येईल. साधं शाकाहारी जेवण चालणार असेल तर राहण्याजेवणाचे पैसे लागणार नाहीत.

गांधीजींचा मुक्काम तेव्हा वर्ध्याला असायचा. म्हणजे सगळं जुळून आलं असतं तर हा जर्मन पाद्री विदर्भात दिसला असता.

पण तसं झालं नाही. जर्मनीतून निरोप आला की नवीन पाद्री घडवायला तुमची गरज आहे. बॉनहॉफर परत गेला आणि १९३५ मध्ये फिंकेनवाल्डे इथं त्यानं एक छोटं विद्यालय चालवायला घेतलं. १९३७ मध्ये गेस्टापोनं ते बंद केलं. त्या वर्षाअखेर तिथून शिकून गेलेल्या २७ जणांना अटक झाली होती.

एक गोपनीय पत्र आणि एक मृत्यू

हिटलरच्या चर्चपासून वेगळं झालेल्यांना ‘कन्फेसिंग चर्च’ म्हणत. ४ जून १९३६ ला त्यांच्या नेत्यांनी हिटलरच्या कार्यालयात एक निवेदन पोहोचवलं. यात पहिल्यांदा चर्चबाहेरच्या गोष्टी होत्या. ज्यूंचा द्वेष करायला लोकांना भाग पाडलं जातंय. छळछावण्या चालू आहेत. गेस्टापोवर कोर्टाचा अंकुश नाही.

निवेदन गोपनीय होतं. उत्तर आलं नाही. पण जुलैमध्ये ते परदेशी वर्तमानपत्रांत छापून आलं. बर्लिन ऑलिम्पिक तोंडावर होतं. नाझींची नाचक्की झाली.

मजकूर बाहेर गेल्याप्रकरणी तिघांना पकडलं. त्यातले वर्नर कोख आणि एर्न्स्ट टिलिख हे बॉनहॉफरचे विद्यार्थी. तिसरे होते फ्रीडरिख वाइसलर, ज्यू वंशाचे ख्रिस्ती, माजी न्यायाधीश, चर्चच्या कचेरीत काम करणारे. त्यांच्याच चर्चनं त्यांच्यावरून हात झटकले. छळछावणीत त्यांना बाकी दोघांपासून वेगळं काढलं गेलं आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये मारहाण करून मारलं गेलं. दोघं विद्यार्थी वाचले.

१९३८ मध्ये तर कळस झाला. पाद्र्यांनी हिटलरशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी असा फतवा चर्चच्याच अधिकाऱ्यांनी काढला. बॉनहॉफर ओरडून सांगत होता, घेऊ नका. बहुतेकांनी घेतली. आणि नंतर सरकारी पक्षाकडूनच कळलं की हिटलरला या शपथेत काही रस नव्हता!

त्याच वर्षी ९ नोव्हेंबरच्या रात्री देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली. चर्चमधून फारसा आवाज उठला नाही. बॉनहॉफरनं आपल्या बायबलमध्ये, जाळलेल्या प्रार्थनास्थळांचा उल्लेख असलेल्या ७४ व्या स्तोत्रातल्या ओळीखाली रेघ ओढली आणि बाजूला ती तारीख लिहून ठेवली.

तिसरी पायरी

जून १९३९ मध्ये मित्रांनी त्याला अमेरिकेत बोलावून घेतलं. नोकरी होती, सुरक्षित आयुष्य होतं. महिनाभरही त्याचं मन लागलं नाही. या संकटात मी माझ्या लोकांसोबत नसेन तर नंतर देश उभा करायला मला कुठला हक्क, असं त्याला वाटलं. जुलैमध्ये तो बोटीत बसून परत आला. सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झालं.

बहिणीचा नवरा हान्स फॉन डोनानी लष्करी गुप्तहेर खात्यात होता आणि तिथंच हिटलरविरोधी गट शिजत होता. बॉनहॉफर वरवर त्या खात्याचा हस्तक झाला. १९४२ मध्ये या गटानं १४ जणांना, बहुतेक ज्यूंना, हस्तक म्हणून दाखवून स्वित्झर्लंडला पोहोचवलं. त्याच वर्षी स्वीडनमध्ये बॉनहॉफरनं बिशप बेल यांना भेटून कटाची माहिती दिली. बेल यांनी ती ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांपर्यंत नेली. उत्तर आलं, आम्ही काही करणार नाही.

जानेवारी १९४३ मध्ये मारिया फॉन वेडेमायर हिच्याशी त्याचं लग्न ठरलं. ५ एप्रिलला त्याला अटक झाली. तपास सुरू झाला होता त्या १४ जणांसाठी पाठवलेल्या पैशांवरून.

२० जुलै १९४४ चा बॉम्बचा कट फसला, मग कागदपत्रं सापडली आणि सगळं उघड झालं. ९ एप्रिल १९४५ ला पहाटे फ्लोसेनबुर्ग छावणीत त्याला फाशी दिली. वय ३९. दोनच आठवड्यांनी अमेरिकन सैन्यानं ती छावणी मोकळी केली. भाऊ क्लाउस, मेहुणे डोनानी आणि रूडिगर श्लायखर हेही त्याच महिन्यात मारले गेले. एकाच घरातले चौघं.

आईवडिलांना खात्रीची बातमी जुलैअखेर कळली. लंडनमध्ये बिशप बेल यांच्या पुढाकारानं शोकसभा चालू होती आणि ती बीबीसीवर लागली होती.

पुढं काय झालं?

ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मन चर्चच्या नेत्यांनी स्टुटगार्टला एक जाहीर कबुली दिली की आम्ही पुरेसं धाडस दाखवलं नाही. त्यातही ज्यूंचं नाव घेतलं नव्हतं.

बॉनहॉफरचं म्हणणं खऱ्या अर्थानं ऐकलं गेलं ते दूर आफ्रिकेत. नामिबिया तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता, वर्णभेदाचे कायदे लागू होते. जून १९७१ मध्ये तिथल्या दोन कृष्णवर्णीय ल्यूथरन चर्चच्या प्रमुखांनी, लिओनार्ड औआला आणि पॉलस गोवासेब यांनी, दक्षिण आफ्रिकेच्या पंतप्रधानांना खुलं पत्र लिहिलं. त्यात धर्माच्या सवलती मागितल्या नव्हत्या. माणसांना हवं तिथं राहता येत नाही, मत देता येत नाही, कुटुंबं फुटतात, असे एकेक हक्क मोजून मांडले होते. ते पत्र गावोगावच्या मंडळ्यांमध्ये रविवारी वाचून दाखवलं गेलं.

१९७७ मध्ये दार-ए-सलाम इथं जागतिक ल्यूथरन संघानं ठरवलं की वर्णभेद हा राजकीय मतभेदाचा विषय नाही, तिथं श्रद्धाच पणाला लागते. १९३३ मध्ये बॉनहॉफरनं ज्यूविरोधी नियमाबद्दल हीच भूमिका घेतली होती. १९८४ मध्ये वर्णभेद न सोडणाऱ्या दोन गोऱ्या ल्यूथरन चर्चचं सदस्यत्व संघानं स्थगित केलं.

धर्मसंस्थेनं सरकारशी बोलावं की नाही, या वादात बॉनहॉफरचं आयुष्य एक मोजपट्टी देऊन जातं. ती संस्था कुणासाठी बोलतेय ते बघायचं. फक्त आपल्या माणसांसाठी, आपल्या जागेसाठी, आपल्या सवलतींसाठी असेल, तर ते काम इतर कुठलाही गट करतोच. आपल्या चर्चमध्ये कधीच न येणाऱ्या, आपल्याला मतही न देणाऱ्या माणसासाठी ती उठून उभी राहते का, हा खरा प्रश्न.

एप्रिल १९३३ मध्ये एका ज्यू म्हाताऱ्याच्या अंत्यविधीला बॉनहॉफर स्वतः उभा राहू शकला नव्हता. नऊ वर्षांनी १४ जणांना सीमेपार नेणाऱ्यांत तो होता.